मानेची भोवळ आणि मेंदूचे छायाचित्र

अमरावती-अकोला भागात घेरी येऊ लागली की ‘मानेचे मणके झिजले’ हे निदान चटकन कानी पडते. मानेमुळे येणाऱ्या या भोवळीचे वर्णन रायन आणि कोप या डॉक्टरांनी १९५५ साली केले. तिच्याविषयीचा वाद आजही मिटलेला नाही.

मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर जाणाऱ्या दोन धमन्या मेंदूच्या खोडाला व लहान मेंदूला रक्त पुरवितात. मान वळविताना त्या दबतात का, हे पाहण्यासाठी ‘स्पेक्ट’ तपासणीचा आधार घेतला गेला. टेक्नेशियमयुक्त किरणोत्सारी द्रव्य मान वळविलेल्या स्थितीत शिरेतून टोचतात. ते काही मिनिटांतच मेंदूत स्थिरावते आणि तेथेच अडकून राहते. त्यामुळे रुग्ण नंतर यंत्राखाली सरळ निजला, तरी छायाचित्रात टोचण्याच्या वेळचाच रक्तप्रवाह उमटतो.

मात्र प्रवाह घटलेला दिसला म्हणून भोवळ मानेचीच, असे सिद्ध होत नाही. मणक्यांची झीज तर उतारवयात भोवळ नसणाऱ्यांतही आढळते. अंतर्कर्णातील सूक्ष्म खडे सरकल्याने येणारी भोवळ पुष्कळ अधिक आढळते, आणि ती ओळखण्यास महागडे यंत्र नव्हे, साधी खाट पुरते: डॉक्टर रुग्णाची मान वळवून त्याला झटकन निजवितात व बुबुळांची थरथर पाहतात.