मधुमेह, ताठरता आणि न पोचलेला निरोप

१९३४ साली मुंबईत एक खटला चालला. आरोपी होते ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गुन्हा काय, तर वाचकांच्या लैंगिक शंकांना कर्व्यांनी मासिकातून उघड उत्तरे दिली! कर्व्यांना दंड झाला. शंका मात्र संपल्या नाहीत. त्या जाहिरातबाज वैदूंकडे वळल्या. अशा जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ साली झाला. त्याच्या यादीत मधुमेह आणि नपुंसकत्व हे दोन्ही विकार आहेत. तरीही आम्हा वर्तकनगरच्या रहिवाशांना ठाण्याला लोकल पकडली की ‘गेलेली ताकद’ परत देणारी पत्रके डब्यात वर्षानुवर्षे दिसत आली आहेत.

या दोन विकारांचे नाते जुने आहे. अकराव्या शतकात इब्न सीना याने आणि १७९८ साली जॉन रोलो या ब्रिटिश वैद्याने मधुमेहींमधील लैंगिक दुर्बलतेची नोंद केली. कारण मात्र कळत नव्हते. मग संशय गेला वृषणांवर. १८८९ साली ७२ वर्षांच्या ब्राऊन-सेकार या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचे जाहीर केले. त्या पाणीदार अर्कात संप्रेरक नगण्यच असणार; गुण आला तो विश्वासाचा. १९३५ साली टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक शुद्ध रूपात मिळाले आणि प्रयोगशाळेत तयारही झाले. पण मधुमेहींच्या तक्रारीचे पुरते उत्तर त्यातही नव्हते.

ते उत्तर शिश्नातील स्पंजासारख्या ऊतीत होते. एरवी तिथले अनैच्छिक स्नायू आकसलेले असतात. चेतातंतू आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर यांतून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटला की ते सैल पडतात, पोकळ्यांत रक्त भरते, बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि ताठरता येते. म्हणजे ताठरणे हे स्नायू सैल पडण्याचे काम आहे! १९८९ साली बोस्टनच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत मिळालेल्या या ऊतीच्या पट्ट्या तपासल्या. मधुमेहींच्या पट्ट्या चेतातंतूंना विद्युत्‌ उत्तेजन दिल्यावर कमी सैलावत. स्नायूंवर थेट काम करणारे औषध घातले की मात्र नीट सैलावत. स्नायूत दम होता, निरोपच पोचत नव्हता.

वाढलेली साखर प्रथिनांना चिकटते, चेतातंतू झिजवते आणि नायट्रिक ऑक्साइड निकामी करणारे घटक वाढवते. पुढे स्नायूंच्या जागी ताठ तंतू साचतात. तेव्हा मात्र औषधांचाही उपयोग कमी होतो. १९९८ साली अमेरिकेत मान्य झालेले सिल्डेनाफिल उरलेल्या निरोपाची मुदत वाढवते. निरोपच अगदी क्षीण असेल तर ते लंगडे पडते, म्हणूनच मधुमेहींना त्याचा गुण तुलनेने कमी येतो. हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते घेऊ नये. रक्तदाब धोकादायक उतरतो.

संप्रेरकांची गोष्ट २००४ साली पुन्हा सुरू झाली. टाइप २ मधुमेहाच्या सुमारे एक तृतीयांश पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असल्याचे परेश दांडोना यांच्या अमेरिकेतील गटाला आढळले. नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर टिकवण्यात या संप्रेरकाचा हात असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. सकाळच्या रक्तात ते दोनदा कमी आढळले आणि लक्षणेही असली, तर ते देतात. इच्छा सुधारते, ताठरता थोडी. पण त्याने शुक्रजंतू घटतात आणि रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. मूल हवे असलेल्याने ते घेऊ नये. इन्शुलिन हेही संप्रेरकच, हे सहसा आठवत नाही. साखर ताब्यात ठेवणे हा या ऊतीचाही बचाव आहे.

शिश्नाच्या रोहिण्या एक-दोन मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या तीन-चार. त्यामुळे रक्तवाहिन्यांचा विकार अनेकदा आधी इथे जाणवतो आणि हृदयात काही वर्षांनी. पत्रकवाला वैदू रक्तदाब मोजत नाही.