टेबलावरची असई : लघुसैन्य जमवायचा, रंगवायचा आणि लढवायचा छंद

दिवाळी तोंडावर आली की बेळगाव परिसरात गल्लोगल्ली माती, दगड, पोती गोळा होतात आणि किल्ले उभे राहतात. बुरुजावर मावळे, पायथ्याशी गवळण, मध्येच बुरुजाएवढा वाघ. हे सैन्य दिवाळीभर जागच्या जागी उभे असते आणि नंतर वर्षभरासाठी खोक्यात जाते. याच मावळ्यांसमोर शत्रूही मांडला, एका फेरीत कुणी किती चालायचे, कुणाची गोळी कुठवर पोचायची याचे नियम ठरवले, तर जो खेळ तयार होतो त्याला इंग्रजीत ‘मिनिएचर वॉरगेमिंग’ म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेत तो पोरखेळ समजला जात नाही. चाळिशी-पन्नाशीतली माणसे त्यासाठी सैनिक जमवतात, महिनोन्‌महिने रंगवतात आणि सुट्टीच्या दिवशी टेबलावर एखादी जुनी लढाई पुन्हा लढतात.

या खेळाचे मूळ बुद्धिबळात, म्हणजे आपल्याच चतुरंगात आहे. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथे हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट वाढवला, घरांना रंग देऊन डोंगर, पाणी, दलदल दाखवली आणि सोंगट्यांना पायदळ, घोडदळ, तोफा अशी नावे दिली. पुढची उडी प्रशियात पडली. राइसविट्झ या बाप-लेकांनी घरे पुसून टाकली आणि खराखुरा नकाशा घेतला. बापाने १८१२ मध्ये तो राजाला दाखवला, मुलाने १८२४ मध्ये नियमांचे पुस्तक काढले. एका फेरीत प्रत्यक्षातली दोन मिनिटे जातात, गोळीबाराचा परिणाम फाशावर ठरतो आणि मध्ये एक पंच बसतो. दोन्ही बाजू वेगवेगळ्या बसतात आणि आपल्या सैन्याला दिसेल तेवढेच पंच त्यांना दाखवतो. प्रशियन सेनापतींना हे इतके पटले की अधिकाऱ्यांच्या शिक्षणातच हा खेळ घेतला गेला.

तो घराघरांत पोचला मात्र एका कादंबरीकारामुळे. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक लिहिले. १८९३ पासून ब्रिटन्स कंपनी पोकळ शिशाचे स्वस्त सैनिक काढत होतीच. वेल्सच्या खेळात फासा नव्हता, स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखर नेम धरून समोरचे सैनिक पाडायचे. स्वतः तो युद्धविरोधी होता. खऱ्या युद्धापेक्षा हे कितीतरी बरे, असा त्याचा सूर होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. आजचा खेळ ज्याला म्हणता येईल त्याची घडी १९६० च्या दशकात बसली. डोनाल्ड फेदरस्टोनचे ‘वॉर गेम्स’ १९६२ चे. त्याच सुमारास एअरफिक्सचे बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक स्वस्तात मिळू लागले, आणि पोरांच्या खिशाला परवडेल असे सैन्य पहिल्यांदाच उभे राहिले.

मापे, रंग आणि काथ्या

सैनिकाची उंची मिलिमीटरमध्ये सांगतात. ५४ मिमी हे कपाटात मांडायचे माप. खेळायला २८ मिमी आणि १५ मिमी जास्त चालतात, तर मोठी लढाई छोट्या टेबलावर बसवायची असेल तर ६ मिमीपर्यंत उतरतात. २८ मिमीचा सैनिक माणसाच्या साधारण साठावा हिस्सा असतो. जमीन मात्र त्या मापात घेऊन चालत नाही. बंदुकीचा खरा मारा शंभर मीटरच्या आसपास, म्हणजे साठाव्या हिश्शाने दीड मीटरहून जास्त. तसे केले तर दोन पलटणी टेबलाच्या दोन टोकांवरूनच एकमेकींना मारतील. म्हणून जमिनीचे माप वेगळे घेतात : समजा एक मिलिमीटर म्हणजे एक मीटर. मग बंदुकीचा पल्ला दहा सेंटिमीटरवर येतो. या हिशेबात एक घर म्हणजे अख्खे गाव, तीन झाडे म्हणजे जंगल आणि एक सैनिक म्हणजे तीसेक माणसे. दिवाळीच्या किल्ल्यावरच्या वाघाला हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

रंगकामाची रीत ठरलेली आहे. सैनिक साबणाच्या पाण्याने धुवायचा, प्रायमरचा हात द्यायचा, मग ॲक्रिलिकचे मूळ रंग. त्यावर पातळ गडद रंग सोडला की तो चुण्यांत, खाचांत उतरतो आणि सावली आपोआप पडते. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवला की उजेड येतो. खऱ्या माणसावर पडते तशी सावली बोटभर सैनिकावर पडत नाही, म्हणून ती रंगवूनच दाखवावी लागते. हात लावून खेळायचे असल्याने वरून व्हार्निश हवेच. शहाणा माणूस एकेक सैनिक पुरा करत बसत नाही. आज वीस जणांच्या पगड्या, उद्या वीस जणांचे पट्टे, असे घाण्याला जुंपून घेतो. नाहीतर पाचव्या सैनिकालाच उत्साह मावळतो आणि उरलेली पलटण खोक्यात कायमची उघडी-बोडकी राहते, हा या छंदातला सार्वत्रिक अनुभव आहे.

एक काळजी घ्यायलाच हवी. जुन्या सैनिकांत शिसे असते. ते लहान मुलांच्या हाती-तोंडी जाऊ देऊ नयेत, घासकाम करताना धूळ नाकात जाऊ देऊ नये आणि नंतर हात धुवावेत.

भूप्रदेशाला मात्र फारसा खर्च नाही. थर्मोकोलच्या टेकड्या, फेव्हिकॉलवर चाळलेली वाळू, वाळवलेला चहाचा चोथा. विलायतेतले खेळाडू उभ्या पिकाचे शेत दाखवायला काथ्याची पायपुसणी कापतात. कोकण-गोव्याकडच्या माणसाला तो काथ्या शोधायला लांब जावे लागणार नाही.

मांडणी म्हणजे मत

सैन्य कुठे उभे केले, यावरून भांडणे होतात ती काही उगाच नाहीत. १८३० मध्ये विल्यम सायबर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याला वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायचे काम मिळाले. त्याने रणांगणावर महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून जमीन मोजली आणि हयात अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून विचारले, संध्याकाळी सातच्या सुमाराला तुम्ही नेमके कुठे होता? १८३८ मध्ये प्रतिकृती लंडनमध्ये मांडली तेव्हा तीत सत्तर हजारांहून जास्त इवले सैनिक होते. मदतीला आलेले प्रशियन सैन्य त्याने जिथे दाखवले, ते वेलिंग्टनला रुचले नाही, कारण त्यावरून विजयाचा वाटा ठरत होता. पुढे सायबर्नला ती मांडणी बदलावी लागली. ही प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

याच वेलिंग्टनची, तो नुसता आर्थर वेलस्ली होता तेव्हाची, आपल्याकडची लढाई म्हणजे असई. २३ सप्टेंबर १८०३, आताच्या जालना जिल्ह्यातले गाव. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, सुमारे मैलभर रुंदीच्या चिंचोळ्या जमिनीवर ती झाली. वरच्या मापाने दीड-पावणेदोन मीटरचे टेबल पुरते, म्हणून खेळाडूंची ही आवडती लढाई. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांचे सैन्य, त्यात सुमारे दहा हजार कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि अफाट घोडदळ. दुसऱ्या बाजूला वेलस्लीचे साडेचार हजारांच्या आसपास गोरे आणि मद्रासी शिपाई. शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार. म्हणजे मराठी माणूस दोन्हीकडे होता. हे सैनिक रंगवताना विसरता येत नाही.

आता नियम. इथेच खरी मेख आहे. प्रत्येक तुकडीला ‘धीर’ म्हणून एक आकडा दिलेला असतो. मार बसला की फासा टाकायचा, तो आकड्यात बसला तर तुकडी टिकते, नाही तर मागे हटते. मराठी सैन्य म्हणजे घोड्यावरचा सैरावैरा जमाव, या समजुतीने सरसकट कमी आकडा दिला, तर दोन तासांत वेलस्ली सहज जिंकतो. प्रत्यक्षात काय झाले? नदीला उतार नाही असे वाटाडे सांगत असताना वेलस्लीने समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे पाहिली, इतकी जवळ गावे म्हणजे मध्ये उतार असणारच असे ताडले आणि बगलेवर आला. तेव्हा शिंद्यांच्या कवायती पलटणींनी पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याखाली आपली सारी रांग काटकोनात वळवून त्याच्यासमोर उभी केली. ऐन लढाईत असे वळणे कच्च्या सैन्याचे काम नव्हे. तोफांवरून शत्रू पुढे निघून गेल्यावर मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून डागल्या. असई गावाच्या फार जवळ गेलेल्या ७४ व्या स्कॉटिश पलटणीची दाणादाण उडाली. वेलस्लीला ९८ तोफा मिळाल्या, पण त्याचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १५८४ जण कामी आले.

म्हणून असईचा नीट नियम लिहायचा तर कवायती पायदळाला कंपनीच्या शिपायांच्या तोडीचा आकडा द्यावा लागतो, गोलंदाजांना त्याहून वरचा, आणि ‘तोफ घेतली तरी दोन माणसे राखणीला ठेवली नाहीत तर ती पुन्हा शत्रूची’ अशी अट घालावी लागते. घोडदळ मोठे, पण आकडा कमी. ते त्या दिवशी फारसे लढलेच नाही. असे आकडे घातले की वेलस्ली कधी जिंकतो, कधी हरतो, आणि तो नशीबवानही होता हे टेबलावरच दिसते.

या खेळाला एक मर्यादा आहे. समोरासमोरची लढाई त्यात छान बसते, बाजीरावाची नाही. १७२८ च्या पालखेड मोहिमेत बाजीराव खानदेश-गुजरातेत हुलकावण्या देत फिरला, निजामाला जड तोफखाना मागे टाकून धावायला लावले आणि पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडले. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. यातले टेबलावर मांडायचे काय? रंगवलेले हजार स्वार नुसते उभे राहतील. पालखेडला राइसविट्झचीच रीत लागते : भिंतीवर दख्खनचा नकाशा, दोन खोल्यांत दोन सेनापती, मध्ये पंच. दर फेरीला दोघांनी चिठ्ठीवर हुकूम लिहायचे, पंचाने घोड्याची रोजची मजल, तोफगाड्याची मजल, चारा आणि पाणी यांचा हिशेब ठेवायचा आणि प्रत्येकाला त्याच्या हेरांना कळेल तेवढेच सांगायचे. सहा टाचण्या, एक वही आणि न चिडणारा पंच एवढे सामान पुरते. यातला पंच मिळवणे सर्वांत अवघड.