व्हरांड्यातली आरामखुर्ची

शाळेतल्या आम्हा आठ जणांच्या टोळक्याचा 'एकदा निवांत कुठेतरी जाऊ' हा कार्यक्रम इतक्या वर्षांत कधीच नेरूळ स्टेशनपलीकडे गेला नव्हता. २०२४च्या डिसेंबरअखेर तो गेला! कुणाच्या तरी ओळखीने माथेरानला एक जुना बंगला तीन दिवसांसाठी मिळाला. चारही बाजूंनी व्हरांडा, कौलारू छप्पर, लांब हातांच्या आरामखुर्च्या आणि मोबाईलला रेंज नाही. आणखी काय हवं?

पनवेलहून खोपोलीकडे जाताना चौकजवळ डाव्या हाताला माथेरानचा डोंगर दिसतो. आपण त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. १८५०च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याच चौकला मुक्कामी होता. त्याने बघितलं आणि चढून गेला. वरची हवा आणि झाडी त्याला इतकी आवडली, की पुन्हा येऊन त्याने राहायला घर बांधलं. 'बाईक' हे त्या घराचं नाव आजही तिथल्या हॉटेलला आहे. पाच वर्षांनी गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला आणि मग बंगल्यांची रीघच लागली. १९०७ साली आदमजी पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी गाडी वर नेली.

हे सगळं मी पहिल्या रात्री शेकोटीपाशी मंडळींना ऐकवलं. (सहलीत इतिहासाचे मास्तर मीच असतो, घरच्यांना हे नवीन नाही.) "मॅलेटने माथेरानचा शोध लावला," असं म्हटल्यावर आमचा कर्जतकडचा मित्र हसला. म्हणाला, "ठाकूर, धनगर, कातकरी होतेच की रे तिथे. त्यांना काय डोंगर सापडला नव्हता?"

मला तेव्हा ते नेहमीचं टोमणं वाटलं. पण तो त्या दिवशी दुपारपासूनच गप्प होता, आणि त्याचं कारण मला माहीत होतं.

माथेरानला मोटारी चालत नाहीत. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडायची, पुढे पायी, घोड्यावर, नाहीतर हातरिक्षा. ई-रिक्षा सुरू झाल्या होत्या, पण मोजक्याच, आणि आमच्यातल्या एकीचा गुडघा दुखत होता. तिच्यासाठी हातरिक्षा केली. पुढे एक माणूस ओढायला, मागे एक ढकलायला. तांबड्या मातीच्या चढावर आम्ही गप्पा मारत, फोटो काढत चाललो होतो. थोड्या वेळाने मागे बघितलं, तर आमचा हा मित्र रिक्षाला मागून हात लावून ढकलत होता! आम्ही त्याची यथेच्छ थट्टा केली. एकाने फोटोही काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. पिठलं, भाकरी, मिरचीचा ठेचा. पत्त्यांचा डाव रंगला, माकडांनी आमचा ब्रेड पळवला, दोघे तिघे खुर्चीतच घोरायला लागले. मी दिवाणखान्यातले जुने फोटो बघत होतो. एका फोटोत एक कुटुंब रिक्षांमध्ये बसलेलं. खाली सुबक अक्षरात बसलेल्यांची नावं. दांड्या धरून उभ्या असलेल्या माणसांची नावं नव्हती. मित्र शेजारी येऊन उभा राहिला आणि अगदी सहज म्हणाला, "माझे आजोबा हेच करायचे."

तीस वर्षांची मैत्री आमची. मला हे माहीत नव्हतं.

पावसाळ्यात भाताची शेती, पाऊस उघडला की रोज पहाटे नेरळहून डोंगर चढायचा आणि वर ओझी नाहीतर रिक्षा. साहेब गेले, शेठ आले, कामात काही फरक पडला नाही. "अशा बंगल्यांच्या पायरीपर्यंत ते कितीदा आले असतील," तो म्हणाला, "व्हरांड्यात मात्र मीच पहिला बसलोय." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मग त्याने मला त्याचा इतिहास सांगितला. याच माथेरानला १९१२ साली एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल कोतवाल जन्मले. शिकून वकील झाले, इथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. बेचाळीसच्या आंदोलनात 'आझाद दस्ता' उभारून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात हिराजी पाटील आणि भाई कोतवाल हुतात्मा झाले. मॅलेट मला तारखेसकट पाठ होता. भाई कोतवाल म्हणजे माझ्या लेखी एका चित्रपटाचं नाव होतं.

१ जानेवारीला आम्ही खाली उतरलो. तो आमच्याबरोबर घरी आला नाही, मुरबाडच्या बाजूला गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे सिद्धगडला स्मारकापाशी लोक जमतात, तिथे.

पुढे ६ ऑगस्ट २०२५ला सुप्रीम कोर्टाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा, असा आदेश दिला. ई-रिक्षांची मागणी रिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेनेच लावून धरली होती, हे मला त्या निमित्ताने कळलं. मी बातमी ग्रुपवर टाकली. त्याचं उत्तर रात्री आलं, "आजोबा असते तर आधी विचारलं असतं, ई-रिक्षा नक्की देणार ना?"

तो रिक्षा ढकलतानाचा फोटो अजून ग्रुपवर आहे. त्यावरचे हसणारे चेहरे आमचेच. पुसावा असं एकदा मनात आलं होतं, पण त्यानेच नको म्हटलं. फक्त मी त्याला म्हटलं, निदान ओढणाऱ्या दोघांची नावं विचारायला हवी होती. तो म्हणाला, "मी विचारली होती."

आणि त्याने ती लिहून पाठवली.