श्वान, शहर आणि शुश्रूषा

सन १८३२ च्या जून महिन्याच्या ६ तारखेस मुंबईच्या कोटात जो दंगा उसळला, त्याच्या मुळाशी धान्याची महागाई नव्हती, की एखादा नवा करही नव्हता. कारण होते कुत्री. बेवारशी कुत्री वर्षातील ठराविक दिवसांत मारण्याची मुभा पोलिसांस पूर्वीपासूनच होती. त्या वर्षी ती मुदत वाढविण्यात आली, आणि मारलेल्या कुत्र्यामागे इनाम मिळत असल्याने शिपायांचा हुरूपही वाढला. बेवारशी कोणते व पाळलेले कोणते, हा विवेक इनामापुढे टिकणे कठीणच होते. त्यातच तो दिवस पारशी समाजाच्या दृष्टीने पवित्र होता. जमाव शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, कुलाब्याच्या पलटणीस जाणारी रसद अडविण्यात आली, आणि पारश्यांच्या जोडीला जैन, हिंदू व मुसलमान मंडळीही आली. अखेर लष्कर बोलवावे लागले.

इंग्रज अधिकाऱ्यांस हा सारा प्रकार अंधश्रद्धेचा वाटला असल्यास नवल नाही. परंतु पारश्यांची श्वानाविषयीची भावना केवळ भाबडी नव्हती. मृत्यूनंतर प्रेताला कुत्र्याची दृष्टी पडावी असा त्यांचा ‘सगदीद’ नावाचा विधी आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, त्यांच्या ‘वंदिदाद’ या प्राचीन ग्रंथाचे एक संपूर्ण प्रकरण कुत्र्यास वाहिलेले आहे. त्यात कुत्र्याला निकृष्ट अन्न देणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. कुत्र्याच्या अंगी आठ प्रकारच्या माणसांचे स्वभाव वसतात असे सांगून त्यांत पुरोहित व योद्धा यांच्याबरोबर चोर आणि बालकही गणले आहेत. घरात कुत्रा बाळगलेल्या कोणालाही हे निरीक्षण पटेल! आणि ज्या कुत्र्याचे भान सुटले आहे, त्याला लाकडी अडण्याने जखडून ठेवावे व श्रद्धावान माणसाची करावी तशीच त्याची शुश्रूषा करावी, असा तेथे आदेश आहे. बिघडलेल्या वर्तनाकडे आजार म्हणून पाहण्याची ही दृष्टी फार जुनी आहे.

तरीही सरकारचे भय निराधार होते असे म्हणता येणार नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने येणारा मृत्यू भयंकर असतो. सुश्रुताने कल्पस्थानात या विषाचे वर्णन करून जलत्रास हे मरणाचे लक्षण म्हणून नोंदविले आहे. १८३२ साली या रोगावर कोणाजवळच उपाय नव्हता. एका पक्षाजवळ काठी होती, दुसऱ्याजवळ करुणा होती. रोगाचे ज्ञान दोघांजवळही नव्हते.

दंग्यानंतर काही जणांस शिक्षा झाल्या, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत असा विचार पुढे आला. १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी मोतीशेट अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. तिचे मोल कमी लेखू नये. परंतु पांजरपोळ हे मूलतः आश्रयस्थान होते, रुग्णालय नव्हे. जीव वाचविणे आणि जीव बरा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय एका आवारात पुष्कळ जनावरे कोंडली, म्हणजे एकाचा रोग सर्वांस जडतो व भांडणेही वाढतात.

बरे करण्याचे काम परळास सुरू झाले. १८८० नंतरच्या दशकात गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीचे नाव दिलेले बाई साकरबाई जनावरांचे रुग्णालय तेथे निघाले, आणि १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालयही आले. त्याच्या आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये पाश्चरने चावा झालेल्या मुलास लस टोचून वाचविले होते. उन्हाने कुत्री पिसाळतात ही समजूत त्यामुळे मागे पडू लागली. विष लाळेतून येते. कुत्र्याला पाण्याचे भय वाटत नाही, ते माणसाला वाटते. आणि काही पिसाळलेली कुत्री भुंकत-चावत न सुटता मुकाट कोपऱ्यात पडून राहतात, हे वैद्यांस उमगले.

वर्तन हेच लक्षण, ही गोष्ट मांजराच्या बाबतीत अधिकच खरी. मांजर आपले दुखणे लपविते. नेहमीची जागा सोडून भलत्याच ठिकाणी मुतणाऱ्या बोक्यास घरची माणसे खोडकर ठरवून मार देतात. वस्तुतः त्याची लघवी अडलेली असते, आणि एक-दोन दिवस दुर्लक्ष झाले तर तो दगावतो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वाट्याला मात्र ही दृष्टी फार उशिरा आली. मुंबईत त्यांची कत्तल विसाव्या शतकातही दीर्घकाळ चालू राहिली, तरी कुत्री संपली नाहीत. याचे कारण त्यांच्या स्वभावातच आहे. प्रत्येक टोळी आपली गल्ली राखते. ती मारली, की मोकळ्या जागेत व मोकळ्या उकिरड्यावर शेजारची टोळी येते, आणि ती नवखी असल्याने भांडणे व चावे वाढतात. माजाच्या दिवसांत नर एकमेकांवर तुटून पडतात. पिलांची आई वाटसरूवर धावते. निर्बीजीकरणाने या दोन्ही गोष्टी कमी होतात, आणि लस टोचलेली टोळी नव्या कुत्र्यांस, पर्यायाने नव्या रोगास, गल्लीत शिरू देत नाही. १९९० नंतरच्या दशकात मुंबईने हा मार्ग धरला. २००१ साली केंद्र सरकारच्या नियमांनी तो देशभर लागू केला: पकडावे, शस्त्रक्रिया करून लस टोचावी, खुणेसाठी कान किंचित कापावा व जेथून उचलले तेथेच सोडावे.

जुना वाद मात्र २०२५ साली राजधानीत पुन्हा उभा राहिला. ११ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर लोक रस्त्यावर आले. अकरा दिवसांनी, २२ ऑगस्टला, तो आदेश बदलून पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची, लस टोचून व निर्बीज करून, आपापल्या जागी परत सोडावीत असे ठरले.