ग्रेनाडाचं जायफळ आणि सावकाराची वही

देशाची पत कशी मोजतात, हे आपण या मालिकेत पाहतो आहोत. आज त्या मोजणीत हवामान कसं शिरलं, ते एका छोट्या देशाच्या उदाहरणावरून पाहू.

कॅरिबियन समुद्रातलं ग्रेनाडा. वस्ती जेमतेम लाखभर, पण २००४ पर्यंत जायफळाच्या उत्पादनात इंडोनेशियाखालोखाल जगात दुसरं होतं. त्यांच्या झेंड्यावरसुद्धा जायफळ आहे! १९५५ च्या जॅनेट वादळानंतर जवळपास पन्नास वर्षं तिथे मोठं वादळ आलं नाही. त्यामुळे आपण वादळांच्या पट्ट्याबाहेर आहोत, असा समज रूढ झाला. कर्ज देणारेही महसूल, तूट, परकीय गंगाजळी पाहत. आभाळाकडे कोण बघणार?

७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन आलं. ३९ माणसं गेली. दहापैकी नऊ घरांना फटका बसला. नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीच्या घरात. जायफळाच्या बागा आडव्या झाल्या, आणि हे झाड काही भाजीपाला नव्हे. पुन्हा पीक यायला वर्षं जातात. म्हणजे कर्ज तेवढंच राहिलं आणि फेडायचं साधनच गेलं. २००५ मध्ये कर्जाची फेररचना झाली, पण मूळ दुखणं तसंच राहिलं. २०१३ मध्ये देशाने पुन्हा हप्ते थांबवले.

इथे एक फरक लक्षात घ्या. देशाचा हवामान-धोका वेगळा आणि हवामानाबाबतची कामगिरी वेगळी. जगाच्या उत्सर्जनात ग्रेनाडाचा वाटा नगण्य, धोका मात्र प्रचंड. गुंतवणूकदार व्याज लावतो ते धोक्यावर. लंडनच्या इम्पीरियल कॉलेज आणि सोआसच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की असुरक्षित देशांना हवामानापायी सरासरी १.१७ टक्के जास्त व्याज पडतं. आता बघा, व्याज वाढलं की बंधारे, पक्की घरं यांना पैसा उरत नाही. मग धोका आणखी वाढतो. मोजमापच दुखण्यात भर घालतं.

ही गाठ सोडवायचा एक मार्ग ग्रेनाडाने २०१५ च्या फेररचनेत काढला. सुमारे निम्मं मुद्दल टप्प्याटप्प्याने माफ झालं; पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे करारात ‘वादळाचं कलम’ आलं. ठरावीक प्रमाणाबाहेर नुकसान झालं, तर हप्ता पुढे ढकलायचा आणि त्याला दिवाळखोरी म्हणायचं नाही.

१ जुलै २०२४ ला बेरिल वादळाने ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटाची दाणादाण उडवली. सरकारने कलम वापरलं, दोन हप्ते पुढे गेले. २००४ मध्ये वादळापाठोपाठ दिवाळं आलं होतं. या वेळी नाही आलं.

कलमाने वादळ थांबत नाही, कर्जही माफ होत नाही. व्याज चालूच राहतं. पण धोका फक्त मोजून व्याज वाढवायचं, की तो सावकाराने आणि ऋणकोने वाटून घ्यायचा, हा प्रश्न त्यामुळे करारातच आला. पुढच्या वेळी एखाद्या देशाचं मानांकन वाचताना आपण एवढं जरूर विचारू: या आकड्यात देशाचा दोष किती, आणि त्याचं भौगोलिक नशीब किती?