बारगिराचा बर्गी कसा झाला

वर्सोव्यात, यारी रोडपासून लोखंडवालापर्यंत, सिनेमाच्या धंद्यामुळे बंगाली बिऱ्हाडं बरीच. त्यांच्यातली आजी नातवाला निजवताना एक अंगाईगीत हमखास म्हणते. बाळ झोपलं, पाडा शांत झाला आणि मुलखात बर्गी आले, अशी त्याची सुरुवात. पुढे पाखरांनी धान खाल्ल्याची नि सारा कसा भरायचा याची काळजी. हा बर्गी म्हणजे बंगालीतला लुटारू, जाळपोळ करणारा. आणि तो आपला, अस्सल मराठी फौजेतला!

शब्द मुळात फारसी. बार म्हणजे ओझं, गीर म्हणजे घेणारा. मराठी फौजेत ज्याला घोडा नि हत्यार सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. शिवकाळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, शिवाय त्या पंचविसांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. लूट सरकारजमा करायची, असा दंडक. थोडक्यात, बारगीर हा चांगला शिस्तीतला पगारी माणूस.

तो बदनाम झाला 1742 मध्ये. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर चौथाईसाठी अलिवर्दी खानाच्या बंगालवर चालून गेले. गंगाराम नावाच्या कवीने या स्वाऱ्यांवर ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिलं: गावं पेटवणं, पळणाऱ्या बायाबापड्यांची दैना, सगळं त्यात आहे. त्याच वर्षी भास्करपंतांनी काटव्याजवळ दाईंहाटला थाटात दुर्गापूजा मांडली, आणि पूजा आटोपायच्या आत नवाबाची फौज अंगावर आली. लुटलेल्या मुलखातच देवीची पूजा मांडणाऱ्याला काय म्हणावं? 1744 मध्ये त्यांना वाटाघाटीला बोलावून दगा झाला. पंत आणि त्यांचे सरदार मारले गेले. स्वाऱ्या मात्र थांबल्या नाहीत. कलकत्तेकरांनी तर भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही, पण ‘मराठा डिच’ हे नाव पडायचं ते पडलं. अखेर 1751 च्या तहात ओरिसाचा वसूल आणि वर्षाला बारा लाख चौथ ठरली.

नावाची अशी गत एकट्या बारगिराची नाही. 455 मध्ये वँडल टोळीने रोम लुटलं. पण त्यांच्या नावावरून ‘वँडॅलिझम’ हा शब्द घडवला तो तेरा शतकांनी, फ्रेंच राज्यक्रांतीत, आबे ग्रेग्वार या धर्मगुरूने. बर्गीला इतका वेळ लागला नाही. तो थेट पाळण्यापाशी पोचला.

वर्सोव्याच्या जेटीवरून मढच्या फेरीबोटीत बसलं की खाडीपलीकडे, थोड्या अंतरावर, वेसाव्याचा किल्ला. 1739 मध्ये, वसईच्या मोहिमेत, मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. आपण तो विजय मिरवतो, आणि मिरवावाही. पण त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत मराठी घोडी बंगालची शेतं तुडवत होती, आणि तिथल्या रयतेने त्या घोडेस्वारांना कुठलं नाव दिलं, हे आपल्या मराठेशाहीच्या गप्पांत क्वचितच येतं. बंगालच्या शेतकऱ्याचं त्यात काही चुकलं असं मला वाटत नाही. अटकेचा अभिमान बाळगणाऱ्याने काटव्याचंही एक पान वाचून ठेवावं.