साखळी यंत्र (ऊर्जा संक्रमण)

साखळी यंत्र म्हणजे एका हालचालीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा क्रमाने चालणारी आणि शेवटी एखादे अगदी साधे काम पार पाडणारी जोडणी होय. घंटा वाजवणे, फुगा फोडणे किंवा दिव्याची कळ दाबणे यांसारखे काम त्यासाठी निवडले जाते. गोट्या, आगपेट्या, पुठ्ठ्याच्या नळ्या, कप्पी, तरफ, लंबक आणि रबर अशा घरगुती साहित्यातून विद्यार्थी ते तयार करतात. ऊर्जेचे संक्रमण व रूपांतरण समजून घेण्याचा उपक्रम म्हणून ते अनेक देशांतील शाळांत रूढ आहे. अणुकेंद्राच्या विखंडनात होणाऱ्या साखळी अभिक्रियेशी त्याचा संबंध केवळ नावापुरता आहे.

नाव व इतिहास

इंग्रजीत अशा जोडणीला 'रूब गोल्डबर्ग यंत्र' म्हणतात. अमेरिकी व्यंगचित्रकार रूब गोल्डबर्ग (1883–1970) यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. पुढे त्यांनी क्षुल्लक कामासाठी प्रचंड खटाटोप करणाऱ्या काल्पनिक यंत्रांची चित्रमालिका काढली. ब्रिटनमध्ये विल्यम हीथ रॉबिन्सन (1872–1944) यांची चित्रे याच धर्तीची आहेत. कागदावरची ही थट्टा प्रत्यक्षात उतरवण्याची स्पर्धा अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात 1949 ते 1955 या काळात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत होत असे. 1983 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि 1988 पासून राष्ट्रीय पातळीवर गेली. जपानच्या एनएचके वाहिनीवरील 'पितागोरा सुइच्ची' या मुलांच्या कार्यक्रमामुळे 2002 नंतर हा प्रकार अधिक परिचित झाला.

ऊर्जेचा हिशेब

पहिल्या धक्क्याची ऊर्जाच शेवटपर्यंत प्रवास करते, हा या यंत्राविषयीचा सर्वांत सामान्य गैरसमज आहे. वस्तुतः प्रत्येक टप्प्यात ऊर्जा आधीच साठवून ठेवलेली असते. उंचावर ठेवलेली गोटी, ताणलेले रबर आणि उभी केलेली वीट या सर्वांत स्थितिज ऊर्जा असते, आणि ती यंत्र मांडणाऱ्याच्या हातांनी तेथे घातलेली असते. आधीचा टप्पा केवळ खिटी काढण्याचे काम करतो.

विटांच्या रांगेवरून हे स्पष्ट होते. सुमारे 3 किलोग्रॅम वजनाची, 23 सेंटीमीटर उंच व 7.5 सेंटीमीटर जाड वीट उभी केली असता तिला कडेवर कलवून तोल घालवण्यास सुमारे 0.18 ज्यूल ऊर्जा लागते. तीच वीट आडवी पडताना सुमारे 2.3 ज्यूल, म्हणजे जवळजवळ तेरा पट ऊर्जा मोकळी होते. यातील काही भाग आवाजात व उष्णतेत गेला, तरी पुढची वीट पाडण्यास उरलेला पुरतो. म्हणून रांग कितीही लांब असली तरी ती पडत जाते. याउलट 5 ग्रॅमची गोटी अर्धा मीटर उंचीवरून आली तरी तिच्याजवळ जेमतेम 0.025 ज्यूल असतात. ती वीट पाडू शकत नाही. मात्र तीच गोटी उभी आगपेटी सहज पाडते, आणि आगपेटीपासून क्रमाने थोड्या थोड्या मोठ्या वस्तू मांडल्यास शेवटी वीटही पडते. कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ लॉर्न व्हाइटहेड यांनी 1983 मध्ये 13 सोंगट्यांची अशी रांग वर्णिली होती. तीतील प्रत्येक सोंगटी आधीच्या सोंगटीच्या दीडपट होती.

उतारावरील गोटीचा हिशेबही वरवर दिसतो तितका सरळ नाही. अर्धा मीटर उंचीवरून घर्षणाविना घसरणारी वस्तू तळाशी सेकंदाला सुमारे 3.1 मीटर वेग गाठते, तर गडगडत येणारी भरीव गोटी 2.6 मीटरच गाठते. गोटी लहान असो वा मोठी, तिच्या गतिज ऊर्जेचा दोन-सप्तमांश भाग स्वतःभोवती फिरण्यात गुंतलेला असतो.

बांधणी

यंत्र बहुधा शेवटच्या टप्प्यापासून उलट दिशेने बांधले जाते. प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे अनेक वेळा चालवून पाहिल्यावरच तो पुढच्याला जोडतात. एक टप्पा दहापैकी नऊ वेळा यशस्वी होत असेल, तर तशा दहा टप्प्यांचे यंत्र सलग पार पडण्याची शक्यता सुमारे 35 टक्केच राहते. पूर्ण यंत्र पहिल्याच प्रयत्नात क्वचित चालते ते यामुळे. ते जेथे अडते ती जागा अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची असते. तेथे घर्षणाने ऊर्जा खाल्ली, की पुढची खिटी अधिक जड होती, हे मोजून ठरवता येते. केवळ धक्का वाढवून वेळ मारून नेल्यास हा प्रश्न सुटत नाही. जड विटा व उंदरांचे सापळे वापरताना मोठ्यांची देखरेख आवश्यक असते.

सोलापूर व महाराष्ट्र

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळाच्या इयत्ता नववीच्या विज्ञान पुस्तकात 'कार्य आणि ऊर्जा' हा पाठ आहे. त्यासाठी सोलापूरच्या विद्यार्थ्यांना जवळचे उदाहरण मागाचे आहे. 1877 मध्ये सुरू झालेल्या 'जुन्या गिरणी'पासून भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीपर्यंत या शहराची ओळख मागाशी जोडलेली आहे. हातमागावर पावडी दाबताच ताण्याचे धागे वर-खाली होतात, दोरी ओढताच धोटा बाणा घेऊन पलीकडे जातो आणि फणी तो धागा ठोकून बसवते. यंत्रमागावर हाच क्रम एका मोटरीने फिरणाऱ्या दांड्यावरून चालतो. साखळी यंत्रात प्रत्येक टप्पा एकदाच घडतो आणि पुन्हा हाताने मांडावा लागतो. माग मात्र प्रत्येक फेरीत स्वतःच पूर्वस्थितीला येतो, कारण त्याला ऊर्जेचा पुरवठा अखंड असतो. स्वयंचलित मागात खिटीचे तत्त्वही आढळते. ताण्याचा धागा तुटला की त्यावर लोंबणारी पातळ पट्टी खाली पडते आणि सबंध माग थांबतो.

राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या साहाय्याने उभारलेले सोलापूर विज्ञान केंद्र शहरालगत केगाव येथे आहे. पुण्यात आयुका या संस्थेच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिका पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीतून उभी राहिली. तेथे अरविंद गुप्ता (पद्मश्री, 2018) यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी करण्याचे काम अनेक वर्षे केले. ही खेळणी साखळी यंत्रे नव्हेत. परंतु काडेपेटी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा व जुनी बाटली हे दोहोंचे साहित्य एकच आहे.